वैद्य बाहेर, सुईण आत

आमच्या घराला दोन आवाज होते. एक बाहेरून येणारा, तांबट आळीतल्या हातोड्यांचा, उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत. आणि दुसरा घरातला, आप्पांच्या खलाचा. तांब्याच्या हंड्यांवर पडणारे घाव आणि दगडी खलात फिरणारा बत्ता यांच्या मध्ये मी वाढले, त्यामुळे शांतता कशी असते ते मला लग्न होऊन सासरी गेल्यावर कळलं, आणि कळलं तेव्हा मुळीच आवडलं नाही. आता श्रीमंत गेले, वाड्याच्या नगारखान्यातला चौघडा बंद पडला, तिथे टोपीकरांचे पहारेकरी उभे असतात. तांबटांनी मात्र राज्य बदललं म्हणून हातोडा खाली ठेवलेला नाही. पाणी तापवायला हंडा सगळ्याच राज्यांत लागतो. मी हे लिहीत बसले आहे तेव्हाही तो ठणठणाट चालूच आहे आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरी कानांवर हात ठेवून कुरकुरताहेत. त्या सदाशिव पेठेतल्या. त्यांना सवय नाही.

आप्पा वैद्य होते. आमच्या पुढच्या ओसरीवर सकाळपासून खोकणारी, कण्हणारी, पोट धरून बसलेली माणसं असत, आणि त्यांच्यामधून वाट काढत आई तुळशीला पाणी घालायला जाई. घरभर ओव्याचा, सुंठीचा, बाळंतशेपांचा वास. आमच्या भातालासुद्धा तो लागलेला असे. मेतकूट-भात खाताना आपण दशमुळांचा काढाच खातो आहोत असं वाटे. आई म्हणायची, "या घरात निरोगी माणसालाच तेवढं औषध फुकट मिळतं." आई अशी होती. तिनं कधी कोणाला आवाज चढवून बोललेलं मला आठवत नाही, आणि कोणाला साधं सरळ बोललेलंही आठवत नाही.

आप्पांना मोठमोठ्या घरांतून बाळंतपणांसाठीही बोलावणं येई. आता या बोलावण्याची गंमत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं पाऊल टाकायचं नाही. वैद्य झाला तरी तो पुरुषच. म्हणून तो बाहेरच्या सोप्यात पाटावर बसणार, आणि आत सुईण. सुईण जातीची न्हावीण. ती वैद्यबुवांशी समोरासमोर बोलणार नाही, आणि वैद्यबुवाही सोवळ्यातून तिच्याशी बोलणार नाहीत. आत काय चाललं आहे ते बाहेर कळल्याशिवाय औषध देता येत नाही, आणि बाहेरच्यानं काय सांगितलं ते आत कळल्याशिवाय त्याला बोलावण्यात अर्थ नाही. मग दोघांच्या मध्ये एक लहान मुलगी ठेवायची. तिला ना विटाळ लागत, ना लाज समजत. तिनं आतून बाहेर आणि बाहेरून आत धावायचं. तिला मधली म्हणत. आप्पांची मधली मी होते.

आत असायची ती बहुतेक वेळा सखू सुईण. उंच, हाडापेरानं रुंद, तोंडात कायम तंबाखू, आणि जीभ अशी की उचलली आणि लावली टाळ्याला. ती आणि आप्पा कितीतरी वर्षं एकाच कामात एकमेकांसोबत होते आणि एका भिंतीच्या दोन बाजूंना बसून अखंड भांडत होते. दोघांनाही आपलं काम येत होतं, आणि दुसऱ्याला येत नाही याबद्दल दोघांचीही खात्री होती. आतून सखूबाई म्हणायची, "त्या बामनाला म्हनावं, काढा पाजून पाजून पोरीचं पोट फुगवलंस, आता गप बस." मी उंबऱ्यापर्यंत येईस्तोवर त्याचं "सुईणबाई म्हणतात, काढा थोडा थांबवूया का" असं करून टाकी. आप्पा म्हणायचे, "तिला सांग, घाईनं पोट दाबणं हा अडाणीपणा आहे." मी आत जाऊन सांगायची, "आप्पा म्हणतात, जरा दमानं घेतलंत तर बरं होईल." हे मला कोणी शिकवलं नव्हतं. दोन्हीकडच्या शब्दांतलं कोणतं आत न्यायचं आणि कोणतं उंबऱ्यावर सांडून टाकायचं ते आपोआप उमजत गेलं. दोघंही मनातून म्हणत असणार, समोरचा हल्ली बराच निवळला.

मधलीला नुसतं धावून चालत नसे, आत काय आहे ते नीट सांगता यावं लागे. म्हणून आप्पांनी मला एका थैलीत चिंध्यांची बाहुली घालून, ती भिजवून मऊ केलेल्या धान्यात पुरून, वरून चाचपायला शिकवलं. डोकं कुठे, पाठ कुठे, पाय कोणत्या अंगाला. सखूबाई आत माझा हात धरून खऱ्या पोटावर ठेवायची. "हितं बग. टनक लागतंय न्हवं? ती टाळू. आन् हितं लात मारतंय बग गुलाम." मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. बाकीच्या मुली भातुकली खेळत तेव्हा मी असल्या खोल्यांत असे, जिथे धुरी कोंडलेली, एरंडेलाचा दिवा, घामाचा वास, आणि एखादी बाई पदर दातांत धरून ओरडत असे. मला भीती कशी वाटली नाही, असं पोरी विचारतात. मला तिथे फार सुखाचं वाटे. तिथे माझी गरज होती. पुढे आयुष्यात पुष्कळ काही मिळालं, पण "मधली आली का?" असं कोणी दारातून विचारल्यावर छाती जशी भरून यायची, तशी पुन्हा फारच कमी वेळा भरली.

लग्न झालं वाईला. यजमान म्हणजे एक किडकिडीत मुलगा, त्याचं तोंडही आता आठवत नाही. मला आठवतं ते त्यांच्या घरापाशी नदीच्या घाटावर पसरलेलं ऊन आणि तो अघोरी शुकशुकाट. यजमान तापानं गेले तेव्हा मी अंगणात लिंबाचा पाला वेचत होते. सासूबाई आल्या आणि माझ्या हातातला पाला त्यांनी खाली पाडला. मग मला आप्पांच्या घरी आणून घातलं. पुढे मी शहाणी झाले तेव्हा परसात पाट मांडून माझे केस काढले. काढणारा सखू सुईणीचा नवरा. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं पाणी कोमट करून आणलं होतं आणि वस्तरा टेकवण्याआधी तो आप्पांकडे बघत उभा राहिला होता. आप्पा आत निघून गेले.

त्यानंतरच्या काळाबद्दल लिहावं असं फारसं काही घडलंच नाही, आणि तेच सांगायचं आहे. लाल आलवण नेसून मी परसाच्या पडवीत बसे आणि खल करी. एक वेळ जेवण. भात, वरण, फार तर अळूचं फदफदं; संध्याकाळी मूठभर लाह्या. पोट रिकामं राही त्याचं एवढं नाही, पण सगळे पानावर बसले की आपण पडवीत, आणि आतून भांड्यांचे, हसण्याचे, "अजून वाढ गं" असे आवाज येणार, ते फार लागे. ओसरीवर एखादी गरोदर बाई औषधाला आली की आई हळूच म्हणायची, "अंबे, तू जरा मागे हो." आधी मला वाटे, वाटेतून बाजूला हो म्हणते. मग लक्षात आलं, नजरेतून बाजूला हो. सकाळी उठून माझं तोंड दिसू नये म्हणून शेजारचा कारकून खाकरून बाहेर पडे, म्हणजे मी आत सरकावं. मी सरकायची. ज्या पोटांवर हात ठेवून मी डोकं कुठे नि पाय कुठे सांगत होते, त्यांच्यावर आता माझी सावलीसुद्धा पडून चालत नव्हती. हात तेच होते. या गोष्टीचा मी इतका विचार करी की कधी कधी खलात काय घातलं आहे तेही विसरून जाई.

माझ्या पाठच्या दोघी अजून फार लहान, म्हणून माझ्या जागी आप्पांनी काकांची ठकी मधली म्हणून नेली. ठकी गुणी पोर, कानांत प्राण आणून ऐकणारी, आणि ऐकलं ते शब्दाला शब्द पोचवणारी. तिनं पहिल्याच बाळंतपणात उंबऱ्यावर उभं राहून, चार माणसांदेखत, खणखणीत आवाजात सांगितलं, "आप्पाकाका, सुईण म्हणते, येवडं कळतंय तर ये आत, आन् तूच घाल हात." आप्पांनी इतक्या वर्षांत असलं काही ऐकलं नव्हतं. त्यांनी जे उत्तर दिलं तेही ठकीनं जसंच्या तसं आत नेलं. झालं. त्या दिवसापासून सखूबाईनं वैद्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही असा पण केला. दोघांना एकाच घरी बोलावणं येई, दोघं जात, आप्पा बाहेर बसून अंदाजानं काढे पाठवत, सखूबाई ते मोरीत ओतून आपलं काम करी, आणि ठकी मध्ये रिकामी उभी. आप्पा घरी येऊन म्हणाले, "बरं झालं, सुंठीवाचून खोकला गेला." आई पान वाढता वाढता म्हणाली, "खोकला गेला की वैद्याचं काय उरतं?" मला तेव्हा हसू आलं. पडवीत एकटीच हसले.

आमच्या परसाला लागून राधाकाकूंचं परस. मध्ये बुटकी भिंत आणि भिंतीत एक लहानसं दार, वाकून जायचं. राधाकाकूंची गोदू माझ्याच वयाची. लहानपणी त्या दारानं आम्ही दिवसातून कितीदा ये-जा केली असेल! चिंचा, गजगे, बाहुलीचं लग्न, सगळं त्या दारातून. गोदू सातारच्या बाजूला दिली होती आणि आता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. ती आली त्या दिवशी मी भिंतीपाशी गेले, तिनंही मला पाहिलं, आणि आम्ही दोघी काही बोलणार तोच राधाकाकू बाहेर आल्या. त्या मायाळू बाई होत्या. माझ्यासाठी रडल्याही होत्या. त्या म्हणाल्या, "अंबे, रागावू नकोस बाळ. पहिलटकरीण आहे. तिचं सुटेस्तोवर तू या अंगाला येऊ नकोस." मी मान हलवली. मग त्यांनी ते दार ओढून घेतलं आणि पलीकडून कडी घातली. ती गंजलेली कडी बसताना करकरली, तो आवाज मला रात्रंदिवस ऐकू येत राहिला. चैत्रगौरीचं हळदीकुंकू झालं, पलीकडे आंबेडाळीचा वास, पन्ह्याचे पेले, बायकांची गर्दी. गोदूचा हसण्याचा आवाज मी त्यातून निवडून काढत असे. ती माझ्यापासून दहा हातांवर होती आणि मी तिला पाहू शकत नव्हते. त्या दिवसांत मी खूप रडले. रडताना खल थांबू द्यायचा नाही, म्हणजे घरात कळत नाही, ही युक्ती मी तेव्हाच शिकले.

गोदूच्या कळा पहाटे सुरू झाल्या असाव्यात. मला कळलं ते सकाळी, राधाकाकूंचा गडी आप्पांना बोलवायला आला तेव्हा. सखूबाई आधीच आत गेली होती. आप्पा गेले, मागून ठकी गेली. दुपार चढली तरी काही नाही. आमच्या आळीची एक रीत आहे, अजूनही आहे. बाई अडली असं कळलं की तांबट हातोडे थांबवतात. कोणी सांगायला लागत नाही, एका दुकानातून दुसऱ्यात जातं. तर भर दुपारी एकाएकी ठणठणाट थांबला. उन्हात सगळी आळी गप्प झाली, आणि त्या गप्पपणात मला गोदू ऐकू आली. ओरडत नव्हती. ओरडण्याच्या पलीकडे गेलेली बाई एक खोल, गुरासारखा हुंकार देते, तो मी ओळखत होते. माझ्या हातातला बत्ता गळून पडला.

पलीकडे धावपळ चालली होती. बाई मोकळी होत नसली की घरातलं सगळं मोकळं करायचं, अशी समजूत. राधाकाकूंच्या सुना धान्याच्या कणग्यांची झाकणं काढत होत्या, पेट्यांची कुलुपं उघडत होत्या, गोठ्यातल्या गाईचं दावं सोडत होत्या. सगळ्या बायकांनी केस सोडले होते, कोणाच्या अंगावर गाठ म्हणून राहू दिली नव्हती. आणि मग भिंतीपलीकडे पावलं आली आणि करकर करत ती कडी निघाली. काढणारीला बिचारीला एवढंच ठाऊक की घरात बंद काही राहू द्यायचं नाही. दार तसंच टाकून ती पुढच्या कुलुपाकडे पळाली. ते दार आपोआप माझ्याकडे उघडलं. रीतीनं लावलेलं दार रीतीनंच उघडलं, मी हात लावला नव्हता. एवढं मात्र खरं की ते उघडलं नसतं तरी त्या दिवशी मी भिंतीवरून गेले असते.

खोलीत अंधार आणि धूर. गोदू बाजेवर, तिचे डोळे वर गेलेले. सखूबाई पायथ्याशी बसली होती, आणि पहिल्यांदाच मी तिच्या तोंडावर भीती पाहिली. मी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "आडवं हाय, अंबूताय. हात भाईर आलाय." आणि मग तिनं आपला उजवा हात पुढे केला. मधलं बोट वांग्याएवढं सुजलेलं, वर हळदीचा लेप, त्यातून पू येत होता. "नखुर्डं झालंय. ह्यो हात आत घातला तर पोरगी तापानं जाईल. आन् डाव्या हाताला समज न्हाई माज्या."

"सकाळी आप्पांना का नाही सांगितलंत?"

सखूबाईनं मान फिरवली. "बोलत न्हाई मी त्यांच्याशी."

सकाळी कळलं असतं तर आप्पांनी शनवारातल्या दुसऱ्या सुईणीला निरोप धाडला असता. आता कुठे बायकांनी गडी धाडला होता, आणि ती सुईण कुठल्या कुठे दुसऱ्या बाळंतपणात अडकलेली. इतक्यात राधाकाकूंचं माझ्याकडे लक्ष गेलं. "अगं बाई! हिला आत कोणी घेतलं? पहिलटकरणीच्या खोलीत हे ध्यान! चल, बाहेर हो आधी!" त्यांनी माझा दंड धरला आणि ओढला. मी सांगते, मी जाणारही होते. इतक्या दिवसांत मागे हो म्हटलं की मागे व्हायची पायांना सवय लागली होती. पण गोदूनं माझ्या आलवणाचं टोक मुठीत धरलं. ती शुद्धीत होती की नाही ते सांगता येणार नाही. मूठ मात्र सोडेना.

"काकू," सखूबाई म्हणाली, "लेक पायजे का शकुन पायजे, ते एकदा ठरवा. दोन्ही मिळायचं न्हाई आता."

राधाकाकूंचा हात माझ्या दंडावरून सुटला. त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या.

मी उंबऱ्यावर गेले. सोप्यात आप्पा पाटावर बसले होते, शेजारी ठकी रडवेली. आप्पांनी मला पाहिलं. माझं बोडकं डोकं, लाल वस्त्र, त्या दारात. त्यांच्या चेहऱ्यावरून काय काय गेलं ते मी अजून आठवून पाहते आणि मला नेमकं सांगता येत नाही. मी मधलीसारखी उभी राहिले आणि सांगितलं. "मूल आडवं आहे, हात बाहेर आलाय. सुईणबाईंचं बोट पिकलंय, त्यांना हात घालता येत नाही. पाणी जाऊन बराच वेळ झालाय." आप्पा म्हणाले, "तुझा हात दाखव." मी हात पुढे केला. त्यांनी तो कधी पाहिलाच नव्हता असा निरखून पाहिला. खल करून तळवा राठ झाला होता, पण मनगट बारीकच होतं. ते म्हणाले, "कोपरापर्यंत कढत पाण्यानं धू. साजूक तूप लाव. मी सांगतो तसं कर, आणि ती सांगेल तसंही कर. दोघांचं जमलं नाही तर तिचं ऐक."

ते शेवटचं वाक्य मी आत गेल्यावर सखूबाईला सांगितलं. यावेळी काही गाळलं नाही, काही घातलं नाही. तिनं तंबाखू थुंकून टाकली आणि कंबर बांधली.

पुढचं लिहिताना माझा हात अजूनही आखडतो. आप्पा बाहेरून मोठ्यानं सांगत होते, "बाहेर आलेला हात ओढायचा नाही! कळ ओसरू दे, मग आत जा." सखूबाई इकडे म्हणत होती, "कोन वढतंय? कळ आली का थांब, हात मऊ सोड. गेली का फुडं सर." दोघं एकच सांगत होती, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला दटावल्यासारखं सांगत होता. मी डोळे मिटून घेतले, कारण उघड्या डोळ्यांचा काही उपयोग नव्हता. आत ऊब, कोंडमारा, आणि कळ आली की माझ्या मनगटाची हाडं एकमेकांवर दाबली जात. वाटे, हात तुटून आतच राहणार. मला बरगड्या लागल्या, बारीक, कोंबडीच्या पिलासारख्या. मग पाठ. मग काहीतरी लहान, आणि मला कळेना हाताचा पंजा की पायाचा. मी तसं ओरडून सांगितलं. "टाच बग!" सखूबाई म्हणाली. "हाताला टाच न्हाई!" मला टाच लागली. तिनं आपला चांगला तळवा वरून पोटावर ठेवला आणि डोकं वर लोटायला लागली, मी खालून पाय धरून हळूहळू आणायला लागले, कळ आली की थांबायचं, गेली की आणायचं. गोदूचा तो हुंकारही आता थांबला होता. मी तिला हाका मारत होते. लहानपणी मी तिला जी शिवी देत असे तीच देत होते, गोदे माकडे, गोदे माकडे, आणि तिची आई भिंतीकडे तोंड करून रामनाम घेत होती.

मूल पायानं बाहेर आलं. मुलगी. निळी आणि गप्प. सखूबाईनं तिला उलटी धरून तळव्यांवर टिचक्या मारल्या, कोणीतरी काशाची थाळी बडवली, आणि मग ती रडली, रागानं, जणू आम्ही तिची झोप मोडली होती. गोदूनं डोळे उघडले. मी तिथेच जमिनीवर बसले. बाहेर आप्पा उठून सोप्याच्या कडेला गेले आणि त्यांनी आळीकडे पाहून हात वर केला. पहिला हातोडा पडला, मग दुसरा, मग सगळी आळी ठणठणू लागली. एवढं आनंदाचं संगीत श्रीमंतांच्या चौघड्यात मी कधी ऐकलं नाही.

मी हात धूत होते तेव्हा राधाकाकू जवळ आल्या. त्यांचे डोळे सुजले होते. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, वस्तरा फिरलेल्या डोक्यावरून, जे करायला माझ्या आईचाही धीर झाला नव्हता. मग त्या हळूच म्हणाल्या, "अंबे, तू आली नव्हतीस हं."

"नाही काकू," मी म्हटलं. "मी आले नव्हते."

मी वाकून त्या दारातून परत आले. मागे कडी करकरली.

आळीत बातमी झाली ती अशी की सखू सुईणीच्या हाताला यश आलं. गोदूच्या सासरी तसाच निरोप गेला. मला त्याचं फार वाईट वाटलं, ते लपवण्यात काही अर्थ नाही. नाव हवं होतं असं नव्हे. पण घडलेली एवढी मोठी गोष्ट कोणाशी बोलता येऊ नये? आई माझ्याशी त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. आप्पा दोन दिवस माझ्याकडे पाहतच नव्हते आणि मग एकदा नुसते खलापाशी येऊन उभे राहिले आणि निघून गेले. माझ्या उजव्या मनगटावर काळेनिळे वळ उठले होते. ते जिरू नयेत असं मला वाटे. ते होते तोवर मी तिथे होते याला साक्ष होती. भिंतीपलीकडे रोज मुलीचं रडणं, धुरीचा वास, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू वळणाऱ्या बायकांच्या गप्पा. गोदू एकदाही भिंतीपाशी आली नाही. तिला येऊ दिलं नसणार असं मी स्वतःला सांगे. ते खरंही असेल.

बारशाच्या दिवशी पलीकडे बायकांची ही गर्दी. मी पडवीत ओवा निवडत होते. पाळण्याची गाणी सुरू झाली, "कुर्रर्र" झालं, आणि मला मुलीचं नाव ऐकू आलं नाही, कारण नेमकं तेव्हाच कोणीतरी आमचं मागचं दार वाजवलं. सखूबाई उभी होती. पदरात बारशाचा नारळ आणि खण, बोटाला अजून फडकं. तिनं आप्पांना पाहून पदर पुढे ओढला आणि नेहमीसारखी माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "वैद्यबुवास्नी सांग, कागदीपुऱ्यात बाई अडलीया. कागद्याची सून. तिचंबी आडवंच हाय. माजं बोट अजून वाकंना. मला हिचा हात पायजे."

आई चुलीपाशी होती. ती उठून दारात आली. कागदी म्हणजे कागद करणारे मुसलमान. गोदूच्या खोलीतली गोष्ट भिंतीच्या आत जिरली होती. ही भर दिवसा, भर रस्त्यानं, सगळ्या कसब्यादेखत जायची होती. आई माझ्याकडे बघून म्हणाली, आणि यावेळी तिच्या बोलण्यात काहीही तिरकं नव्हतं, "अंबे, गेलीस तर या चुलीपाशी पुन्हा यायचं नाही. मला अजून दोन लेकी उजवायच्या आहेत." ती वाईट नव्हती. तिला खरंच दोन लेकी उजवायच्या होत्या.

मी आप्पांकडे पाहिलं. आप्पा चौकटीला धरून उभे होते. ते माझ्याशी बोलले नाहीत, आईशीही नाही. त्यांनी सखू सुईणीकडे पाहिलं, सरळ, तोंडाकडे, आणि म्हणाले, "सखूबाई, तूप तिथे मिळायचं नाही. घरचं घेऊन जा." इतक्या वर्षांत ते तिच्याशी पहिल्यांदा बोलले. तिनं नुसती मान हलवली. आई चुलीकडे वळली आणि पाठ करून उभी राहिली. तुपाचं भांडं आप्पांनीच आणून माझ्या हातात दिलं.

त्या दिवसानंतर मी आईच्या चुलीपाशी कधी बसले नाही. परसात माझी वेगळी चूल मांडली गेली, आणि आई जाईपर्यंत ती वेगळीच राहिली. कागद्याची सून वाचली. मूल नाही वाचलं. हे पुढचं. मला आत्ता आठवतं आहे ते जाणं. ज्यानं कसबा पाहिला आहे त्याला ठाऊक आहे, त्या बोळांतून कोपराला कोपर लागल्याशिवाय चालता येत नाही. हंडे घेतलेले तांबट, कुंभारांची गाढवं, देवळातून निघालेली माणसं. सखूबाई पुढे आणि मी मागे, तूप सांभाळत. जे सोवळ्यात होते ते तिला पाहून भिंतीला चिकटले, आणि जे कामाला निघाले होते ते मला पाहून माघारी वळले. बोळ या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा झाला. आम्हाला घाई होती, आणि कोणीही आमच्या वाटेत आलं नाही. अजूनही येत नाही.